काचेमागची माणसे

दिवाळीची साफसफाई निघाली, की आमच्या नांदुऱ्याच्या घरात भिंतीवरचे फोटो खाली उतरतात. हा रिवाज आजीच्या वेळेपासूनचा. भिंतीला चुना लागण्यापूर्वी सगळ्या पूर्वजांनी दोन दिवस पलंगावर उताणे पडून राहायचे, ओल्या कागदाने काचा पुसून घ्यायच्या, आणि मग पुन्हा आपापल्या खिळ्यावर जाऊन बसायचे. या दोन दिवसांत घरातले एखादे पोर हटकून विचारते, "हे कोण?" दर वर्षी प्रश्न तोच, उत्तर देणारी माणसे मात्र दर वर्षी एखाददुसऱ्याने कमी झालेली असतात. यंदा माझ्या नातीने एका पगडीवाल्या गृहस्थावर बोट ठेवले, तेव्हा उत्तर देण्याची पाळी माझी होती, आणि मला ते देता आले नाही. फोटो आमच्याच भिंतीवर साठ-सत्तर वर्षे आहे. माणूस आमचाच असणार. पण नाव गेले ते गेले.

परीक्षण म्हटले, की समोर पुस्तक हवे असा आपल्याकडे दंडक आहे. मी आज ज्याचे परीक्षण करायला बसलो आहे त्याला ना पुठ्ठा, ना पृष्ठसंख्या, ना किंमत. जगातल्या काही मोठ्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी आपल्या कपाटांतली जुनी छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळी केली आहेत. आणि ती ओळखण्याचे, त्यांना नावे देण्याचे, चुका दुरुस्त करण्याचे काम बिनपगारी हौशी माणसे करीत आहेत. निवृत्तीनंतरची माझी बरीच दुपार या उद्योगात जाते. म्हणजे मी यात थोडा वाटेकरी आहे, आणि वाटेकऱ्याने परीक्षण लिहू नये असाही एक दंडक आहे. तो आज मी मोडतो. वाचकांनी माझे म्हणणे तेवढ्या सावधगिरीने घ्यावे.

या प्रकाराची सुरुवात १६ जानेवारी २००८ रोजी झाली असे धरतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या भांडारातली सुमारे तीन हजार छायाचित्रे 'फ्लिकर' नावाच्या ठिकाणी मांडली. फ्लिकर म्हणजे लोकांनी आपापले सहलीचे नि बारशाचे फोटो टांगण्याचा इंटरनेटवरचा चव्हाटा. त्या गर्दीत हे गंभीर ग्रंथालय येऊन बसले आणि म्हणाले, या चित्रांवर कोणाचा हक्क असल्याचे आम्हांला ठाऊक नाही. पाहा, उतरवून घ्या, आणि काही माहीत असेल तर सांगा. त्यांतली निम्मी चित्रे बेन नावाच्या न्यूयॉर्कमधील एका वृत्तसंस्थेची होती. काचेच्या निगेटिव्हवरच घाईघाईने नाव खरडलेले. बहुधा नुसते आडनाव. आपल्याकडे एखाद्या फोटोवर नुसते 'देशमुख' लिहून ठेवावे तसे! वऱ्हाडात देशमुख किती, हे वाचकांना सांगायला नको.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ग्रंथालयाने आपला हिशेब प्रसिद्ध केला. लोकांनी ६७ हजारांवर खुणेचे शब्द जोडले होते, ७ हजारांवर अभिप्राय लिहिले होते, आणि या साऱ्यातून ग्रंथालयाच्या मूळ सूचीतल्या पाचशेवर नोंदी सुधारल्या गेल्या होत्या. उपक्रमाचे भक्त पहिले दोन आकडे सांगतात. मला तिसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. सात हजार अभिप्रायांतून पाचशे कामाच्या गोष्टी निघाल्या. बाकीचे काय, तर 'वा', 'काय टोपी आहे', 'माझ्या आजोबांकडे अशीच सायकल होती'. गावच्या पारावर याहून वेगळे प्रमाण नसते. पण त्या पाचशे नोंदी ग्रंथालयाच्या नोकरांनी आपण होऊन केल्या असत्या तर किती वर्षे लागली असती, हा विचार केला म्हणजे पाराची किंमत कळते. आणखी एक गोष्ट मला फार सभ्य वाटली. सुधारलेल्या नोंदीत, ही माहिती फ्लिकरवरच्या लोकांकडून २००८ साली मिळाली, असे ते लिहून ठेवतात. कोणी सांगितले ते न लपवण्याची ही रीत आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी उचलावी अशी आहे. असो.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या टोप्यांशी नांदुऱ्याचे काय देणेघेणे? त्यासाठी आमच्या आत्याची गोष्ट सांगतो.

विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज १८५० च्या सुमारास मुंबईत छायाचित्रे काढीत असे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. तिच्या आरंभीच्या मंडळींत जॉन्सन होता आणि आपले डॉक्टर नारायण दाजी, म्हणजे भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ, तेही होते. जॉन्सनने पुढे मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले; १८६३ सालचा पहिला गुजरात, कच्छ, काठेवाडचा, १८६६ सालचा दुसरा महाराष्ट्राचा. त्यात एक गंमत आहे. माणसांना एका ठिकाणी उभे करून फोटो घ्यायचा, देवळाचा किंवा घाटाचा फोटो निराळा घ्यायचा, आणि मग माणसे कापून देवळासमोर चिकटवायची! आपण ज्याला 'आज-कालच्या मुलांची फोटोतली लबाडी' म्हणतो ती दीडशे वर्षांची जुनी आहे. या जॉन्सनचा पश्चिम भारताच्या छायाचित्रांचा एक संग्रह फिरत फिरत थेट अमेरिकेतल्या डल्लस शहरी, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डिगोलियर ग्रंथालयात जाऊन पडला आहे. त्या ग्रंथालयाने तो इंटरनेटवर मोकळा केला, आणि तिथून हौशी मंडळींनी तो 'विकिमीडिया कॉमन्स' या सार्वजनिक भांडारात आणून ठेवला. जे पाहायला मुंबईच्या मोठमोठ्या अभ्यासकांना समुद्र ओलांडावा लागला असता, ते मी नांदुऱ्यात ओसरीवर बसून माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याला दाखवले.

आत्याने चष्मा पुसला, चित्र डोळ्यांशी धरले, आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कोनाची कोन व्हय?"

मी म्हणालो, "आत्या, नाव नाही. नुसती जात लिहिली आहे."

"नाव नाही? अन् मंग फोटो कायले काढला?"

संग्रहालयशास्त्रावर मी जे काही वाचले आहे त्यात या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला आढळला नाही. त्या काळच्या साहेबाला माणूस नको होता. त्याला नमुना हवा होता. १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. त्यांतही हाच खाक्या. एकेका जमातीचा एकेक माणूस उभा केलेला, आणि खाली त्या जमातीच्या राजनिष्ठेबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल, कधी तर चोरटेपणाबद्दल सुद्धा लिहिलेले. समोर उभा असलेला गडी घरी परत जाऊन बायकोला काय म्हणाला असेल, कोण जाणे.

आत्याने मग चित्रातले एकेक दागिने मोजायला सुरुवात केली. "गळ्यात सरी हाये. हे लिहिलं का त्या सायबानं? नाही ना? हातात गोठ हायेत. अन् पदर पाहून तं घे बापू, पदर कसा घेतला ते." मी लिहून घेत गेलो. इंग्रजी नोंदीत या सगळ्याला एकच शब्द होता, 'दागिने'. माझ्या लक्षात आले, की या चित्रांचे खरे वाचक डल्लसला नाहीत. ते नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद इथल्या ओसऱ्यांवर बसले आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही, इंटरनेट येत नाही, आणि त्यांच्याजवळ वेळ फार थोडा उरला आहे. हा या सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोठा दोष. चित्रे मोकळी झाली, पण बोलण्याची भाषा बहुतेक ठिकाणी एकच राहिली. कॉमन्सवर चित्राचे वर्णन मराठीत लिहिण्याची सोय आहे, आणि ती उत्तम चालते. पण तिचा उपयोग करणारे मराठी लोक हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच भेटतात. आपण मराठी माणसे शिवकालीन नोंदींवरून भांडायला तयार असतो. सरी आणि चिंचपेटी यांतला भेद दोन ओळींत लिहून ठेवायला कोणी येत नाही.

उलट बाजूला, एखादे चित्र मोकळे झाल्याने काय होते याचा मराठी घरांतला दाखला आनंदीबाई जोश्यांचा आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेला तो फोटो आता बहुतेकांनी पाहिला असेल. आनंदीबाई लुगड्यात, जपानची केई ओकामी आणि दमास्कसची एक विद्यार्थिनी आपापल्या देशी वेषात, आणि तिघींच्या चेहऱ्यावर छायाचित्र संपण्याची वाट पाहणारे ते गांभीर्य. मूळ फोटो तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या जतनविभागात आहे. माझ्या लहानपणी आनंदीबाई म्हणजे पाठ्यपुस्तकातले एक धूसर चित्र आणि एक हळहळ. हा फोटो जगभर मोकळा हिंडू लागला तेव्हा त्या हळहळीला सोबत मिळाली. त्या एकट्या नव्हत्या, त्यांच्या शेजारी आणखी दोन मुली तेवढ्याच लांबून आलेल्या उभ्या होत्या. मग कोणी ओकामीचा शोध घेतला, कोणी तिसरीचा. मूळ मथळ्यात तिसरीचे नाव 'तबात' असे पडले होते. ते 'सबात' हवे हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. एका अक्षराची दुरुस्ती! पण ज्या बाईचे नाव चुकीचे लिहिले गेले आहे तिला शोधणार कसे? आमच्या शाळेत हजेरीपटावर नाव चुकले, की मुलगा दाखल्यासाठी दहा वर्षांनी हेलपाटे घालतो, तेच हे.

या चळवळीवर पहिला आक्षेप घेतला जातो तो चोरीचा. चित्रे अशी उघड्यावर ठेवली तर कोणीही उचलील, कॅलेंडरे छापील, पैसे करील. करील खरेच. जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने डिसेंबर २००८ मध्ये ऐंशी हजारांवर छायाचित्रे कॉमन्सला दिली. हौशी मंडळींनी त्यांतली माणसे ओळखली, मथळ्यांतल्या चुका काढून दिल्या. पण पुष्कळ लोकांनी चित्रे वापरताना अभिलेखागाराचे नावसुद्धा टाकले नाही, आणि पुढे ते देणे थांबले. हा अनुभव कडू आहे. मात्र त्याच अभिलेखागाराची एक गोष्ट मी मनोमन जपून ठेवली आहे. त्यांच्या काही चित्रांचे मूळ मथळे नाझी काळातले, विखारी. त्यांनी ते खोडले नाहीत. मथळा तसाच ठेवला आणि शेजारी इशारा लिहिला, की हे त्या काळचे शब्द आहेत, ते खोटे, पक्षपाती किंवा द्वेषाचे असू शकतात. 'पीपल ऑफ इंडिया'च्या खंडांना अशीच वागणूक मिळावी असे मला वाटते. साहेबाने लिहिलेला अपमान पुसून टाकला तर साहेबच स्वच्छ होतो.

दुसरा आक्षेप जपणुकीचा आहे, आणि तो घेणाऱ्यांना मी नेहमी मेजर रॉबर्ट गिलची आठवण देतो. गिल हा आमच्या मुलखातला माणूस म्हणायला हरकत नाही. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला आणि उरलेले आयुष्य याच परिसरात राहिला. १८७९ साली तो वारला. त्याला पुरले भुसावळात. नांदुऱ्याहून रेल्वेने फार तर दीड तासाची वाट. त्याने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात त्या इमारतीला लागलेल्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या. आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या! सुरक्षित म्हणून एका ठिकाणी कुलुपात ठेवलेल्या वस्तूचे हे असे होते.

गिलने १८६० च्या दशकात कॅमेराही हाती घेतला होता. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा त्याने घेतलेला फोटो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तो मी पहिल्यांदा पाहिला तो इंटरनेटवरच. लोणारला मी शाळेच्या किती सहली नेल्या असतील. पण दीडशे वर्षांपूर्वीचे ते देऊळ पाहून मला आपल्याच आजीचा लग्नातला फोटो सापडावा तसे झाले. मग २०२३ चा ऑक्टोबर आला. चोरट्यांनी ब्रिटिश लायब्ररीचे संगणक ओलीस धरले, आणि एवढ्या बलाढ्य ग्रंथालयाची इंटरनेटवरची दारे महिनोन्‌महिने बंद पडली. आगीचा हा नवा अवतार. त्या दिवसांत ज्या चित्रांच्या प्रती हौशी लोकांनी आधीच दुसरीकडे उतरवून ठेवल्या होत्या, तेवढ्या पाहायला मिळत राहिल्या. ज्या कोणी 'फुकटे' म्हणून हिणवले, त्यांच्याच पडवीत त्या काळापुरते सामान शिल्लक होते.

अर्थात या नव्या पडव्याही कायमच्या नाहीत. फ्लिकर हे शेवटी दुकान. ते एका कंपनीने काढले, दुसरीने विकत घेतले, २०१८ साली ते तिसरीच्या हाती गेले. दुकान विकले गेले की भिंतीवरच्या फोटोंचे काय होणार, ही धास्ती तिथल्या लोकांनाही वाटली असावी. म्हणून २०२२ साली त्यांनी निराळी धर्मादाय संस्था काढली. गूगलच्या कलादालनाचेही मला थोडे वावडे आहे. आपल्या मुंबईची काही संग्रहालये तिथे मांडलेली आहेत, चित्र इतके जवळ आणून दाखवतात की ब्रशाचा केस दिसावा. परंतु घेऊ म्हटले तर घेता येत नाही. लग्नाच्या हलवायाच्या दुकानासमोर उभे राहण्याचा आनंद. भारत सरकारने पुण्याच्या सी-डॅककडून 'जतन' नावाची संगणकप्रणाली करवून घेतली, तिच्या आधाराने राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदी लोकांसमोर आल्या. काम कष्टाचे आहे आणि नावही सुरेख आहे. मला एवढेच म्हणायचे आहे, की प्रत्येक नोंदीखाली वाचकासाठी एक रिकामी ओळ हवी, आणि ती वाचणारा एक माणूस आत बसलेला हवा. नागपूरच्या संग्रहालयाला आम्ही अजूनही 'अजबबंगला'च म्हणतो. १८६३ सालापासून वऱ्हाड-नागपूरची माणसे तिथे जाऊन तोंडात बोट घालून परत आली आहेत. बोट तोंडातून काढून एखाद्या वस्तूवर ठेवावे आणि 'हे तर आमच्याकडे होते, याला असे म्हणतात' असे सांगावे, ही संधी त्यांना मिळाली पाहिजे.

आता माझे स्वतःचे प्रकरण. ते सांगितल्याशिवाय या विषयात मी एवढा तावातावाने का बोलतो, हे वाचकांना कळायचे नाही.

माझे आबाजी इथल्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होते. नांदुऱ्याच्या रेल्वेने आणि कापसाने आमच्यासारख्या कित्येक घरांना दोन वेळची भाकर दिली. १९३८ साली हंगाम संपताना फॅक्टरीच्या आवारात एक फोटो काढला गेला. मध्ये खुर्च्यांवर मालक आणि मॅनेजर, मागे कारकून नि फिटर, पुढे जमिनीवर मांडी घालून तोलारी आणि पोरेसोरे, बाजूला रुईच्या गाठी रचलेल्या. आबाजींचा तो एकच फोटो. १९८७ साली दूरच्या एका मोठ्या संस्थेचे लोक प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागत आले. वडिलांनी मोठ्या अभिमानाने तो फ्रेमसकट काढून दिला. आपल्या घरातली वस्तू संस्थेत जाते म्हणजे आबाजी जणू मोठ्या पदावर चढले, अशी त्यांची भावना. प्रदर्शन झाले, स्मरणिका निघाली, स्मरणिकेत तो फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा छापून आला. पुढे वडील आजारी पडले, तेव्हा त्यांना तो एकदा पाहावासा वाटला. मी संस्थेत गेलो. अर्ज लिहा, म्हणाले. लिहिला. कोणत्या कामासाठी प्रत हवी ते नमूद करा, म्हणाले. 'वडिलांना पाहायचा आहे' असे नमूद केले. हे कारण त्यांच्या छापील फॉर्मात बसत नव्हते. तिसऱ्या खेपेस शुल्क भरून घेतले, आणि चौथ्या खेपेस सांगितले, की फोटो सापडत नाही. वडील त्याच पावसाळ्यात गेले.

मी त्या माणसांना दुष्ट म्हणत नाही. त्यांतला एक जण तर माझ्यासमोर धुळीत बसून दोन तास कपाट उपसत होता. पण कुलूप, किल्ली आणि वही यांच्यावर ज्यांचा एवढा विश्वास, त्यांच्याकडे वहीच नीट नव्हती.

पुष्कळ वर्षांनी मी स्मरणिकेतले ते तिकिटाएवढे चित्रच मोठे करून कॉमन्सवर चढवले. कायद्याची अडचण नव्हती. आपल्या जुन्या नियमाने १९३८ च्या फोटोची मुदत केव्हाच संपलेली. (जाता जाता वाचकांना एक सांगून ठेवतो: आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. तेव्हा आजोबांनी स्टुडिओत जाऊन काढवलेल्या फोटोबद्दल उगाच बिचकू नये.) वर्णन मराठीत लिहिले. गाव, साल, आबाजींचे नाव, आणि ओळखता आलेली आणखी चार नावे. त्यांतले एक नाव मी चुकीचे लिहिले. ही कबुली इथे देणे भाग आहे. स्वतःच्या हुशारीवर विसंबून मी मागच्या रांगेतल्या एका फिटरला दुसऱ्याच घराण्यात ढकलून दिले, आणि ते चुकीचे नाव तीन वर्षे जगभर तसेच वाचले जात होते. हौशी माणसाचा धोका हाच. पगारी माणूस चुकला तर त्याला कोणी विचारू तरी शकतो.

चूक उघडकीस आली ती अशी. खामगावकडचा एक तरुण, इंजिनियर, आपल्या पणजोबांच्या गावाबद्दल काही शोधीत असताना त्या चित्रापर्यंत पोहोचला. त्याने आपल्या आजोबांना ते दाखवले. पुढच्या रविवारी दोघे नांदुऱ्याला माझ्या दारात हजर. म्हातारबोवांनी पायताण काढण्याआधीच सुनावले, "गुरुजी, तुमी आमच्या बुढ्याले भलत्याच्याच घरात देलं!" मी हात जोडले. मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. त्याच फोटोची दुसरी प्रत. फॅक्टरीने त्या वेळी दोन-चार प्रती काढून मंडळींना वाटल्या असणार; एक आमच्याकडे होती, एक त्यांच्या माळ्यावर. पिवळी पडलेली, एका कोपऱ्यात वाळवी लागलेली. पण आबाजींच्या टोपीची घडी दिसत होती, आणि त्यांच्या हातात काय होते ते ऐंशीपेक्षा अधिक वर्षांनी प्रथमच कळले. पेन्सिल होती. फोटोला बसतानासुद्धा त्यांनी ती खाली ठेवली नव्हती.

तो फोटो आम्ही त्याच दुपारी गावातल्या स्टुडिओत नेऊन नीट उतरवून घेतला. मूळ प्रत म्हातारबोवा पिशवीत घालून परत घेऊन गेले, हे योग्यच झाले. २०१० साली मुंबईत सुरू झालेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'ची हीच रीत मला आवडते. फोटो घरच्यांचा घरीच राहतो, प्रत आणि तिची कहाणी तेवढी बाहेर पडते. नवी प्रत चढवून मी जुने चुकीचे नाव दुरुस्त केले, दुरुस्ती कोणामुळे झाली तेही लिहिले. म्हातारबोवांच्या आणि आत्याच्या मदतीने आता एकोणीस माणसांपैकी अकरांची नावे लागली आहेत.

स्मरणिकेतल्या तिकिटात जे दिसत नव्हते ते या प्रतीत दिसले. उजव्या कडेला, रुईच्या गाठींच्या सावलीत, तीन बाया उभ्या आहेत. त्यांना कोणी फोटोसाठी बोलावले नसावे. जीनवर कापूस टाकता टाकता गंमत पाहायला थांबल्या असतील. एकीच्या डोक्यावर टोपले आहे, दुसरीने पदर तोंडाशी धरला आहे, तिसरीच्या कडेवर मूल आहे, आणि ते मूल हलल्यामुळे त्याचा चेहरा पुसट आला आहे. आत्याने पुष्कळ वेळ पाहिले आणि टोपलेवाली नदीपलीकडच्या वस्तीतली असावी एवढेच ती म्हणाली. नाव तिला आठवेना. कॉमन्सवरच्या नोंदीत मी त्यांच्यासाठी तीन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाची आजी किंवा पणजी १९३८ च्या सुमारास नांदुऱ्याच्या जीनवर कामाला जात असेल, तर दिवाळीला घरी सगळे जमतील तेव्हा एकदा विचारून पाहावे. कडेवरचे ते मूल आज असले तर सत्त्याऐंशीच्या आतबाहेर असेल.